जरीची माशी

तुमचं डोकं माझ्या डाव्या दंडावर होतं. पाणी मला मांडीपर्यंत होतं आणि तुम्हाला हनुवटीपर्यंत, कारण तुम्ही खाली बसला होतात. काठी तुमच्या हातातून सुटली होती. तिची मूठ तळाला गेली होती, टोक तेवढं पाण्याबाहेर होतं आणि ते वाकत होतं, सरळ होत होतं, पुन्हा वाकत होतं. दोरीला मासा होता. मी ओरडत होते. कुठल्या भाषेत, ते आठवत नाही. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "आधी माशाला सोडा, विहीणबाई."

त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या मृणालने विचारलं तेव्हाही नाही. जेबेल अलीच्या स्मशानातून आम्ही घरी आलो, अंघोळी झाल्या, आणि ती ओल्या केसांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "माई, आई शेवटी काही बोलली का?" मी म्हटलं, "आधी चहा घे." तिने चहा घेतला. परत विचारलं नाही, पण ती थांबली होती. मी ताट वाढताना, कपडे घडी करताना तिची नजर माझ्या तोंडावर असायची. भेटायला येणाऱ्या बायका तिला सांगून जायच्या, आईच्या ओठांवर शेवटी लेकीचंच नाव असतं गं. मग ती माझ्याकडे बघायची. मी गॅसकडे बघायची.

तुमच्या ओठांवर तिचं नाव नव्हतं. मासा होता. आता हे त्या पोरीला कसं सांगायचं?

मला खोटं बोलता येत नाही अशातला भाग नाही. आयुष्यभर बोलत आले, शेजाऱ्यांशी, सासूशी, डॉक्टरशी. पण मेलेल्या माणसाच्या तोंडात आपलं वाक्य घालणं मला जमत नाही. तुम्ही असतात तर तुम्हीच म्हणाला असतात, "विहीणबाई, जे झालं तेवढंच सांगा." तुम्ही शाळेत भूगोल शिकवत होता. नकाशात नसलेली नदी तुम्हाला चालायची नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी तुमचं शिक्षण, नोकरी, गाव विचारून नेलं. ते श्रद्धांजलीत छापतील. मी त्यातलं काही लिहीत नाही. मी तुमच्याशी बोलते आहे, कारण आपलं बोलणं अर्धं राहिलं आहे आणि त्यात बरीचशी चूक तुमची आहे.

दोन विहिणींनी एका खोलीत राहू नये. माझ्या गावात हे कुणाला सांगितलं असतं तर पोट धरून हसले असते. पण दोघींच्याही मागे कुणी उरलं नव्हतं. माझा प्रसाद म्हणाला, माई, तू इकडे ये. तुमची मृणाल म्हणाली, आई, तूही इकडे ये. आणि घर तर एकच, इथलं अरबांच्या मुलखातलं, डिस्कव्हरी गार्डन्समधलं, एक बेडरूम आणि हॉल. मुलांनी बेडरूम आपल्याला दिली आणि स्वतः हॉलमध्ये पडदा लावून झोपू लागली. दोन पलंग, मध्ये एक खिडकी. पहिल्या दिवशी तुम्ही खिडकीजवळचा पलंग मला दिलात. मुलाची आई म्हणून मान. मी तो घेतला. तुम्हाला खिडकी हवी होती हे मला दिसत होतं, पण मानाचं परत देत नाहीत.

मग तुम्ही ती लांब कापडी पिशवी उघडलीत. मला वाटलं, यजमानांची हातातली काठी असेल, आठवण म्हणून आणली असेल. आतून दोन तुकडे निघाले. मधाच्या रंगाचे, जागोजागी लाल दोऱ्याने बांधलेले. मुठीचं बूच हात लागून लागून काळं झालं होतं. तुम्ही तुकडे एकमेकांत बसवलेत आणि काठी छताला लागली.

"फायबरग्लासची आहे. जुनी. आता अशा करत नाहीत."

"करत नाहीत म्हणजे काहीतरी वाईट असणार त्यात," मी म्हटलं.

तुम्ही हसलात. दातांवर हात ठेवून हसायचात तुम्ही, मास्तरीणबाईंसारख्या.

ती काठी तुमच्या यजमानांना हिमाचलात मिळाली होती. ते तिकडे धरणाच्या वीजघरावर इंजिनियर होते, जंगल खात्यातला एक म्हातारा साहेब निवृत्त होऊन चालला होता, जाताना देऊन गेला. यजमानांना ती जमली नाही. धुणं आपटल्यासारखी दोरी आपटायचे, असं तुम्ही सांगायचात. कॉलनीत बायकांना करायला काही नव्हतं, म्हणून तुम्ही काठी घेऊन तीर्थन नदीवर जायला लागलात. तिथे ट्राउट. अंगावर लाल-काळे ठिपके, बर्फाच्या पाण्यात राहणारा, माणसाची सावली पडली तरी पळणारा. त्याला खोटी माशी दाखवायची. पिसांची, दोऱ्याची, गरीच्या आकड्यावर बांधलेली. ती पाण्यावर इतकी हलकी उतरली पाहिजे की त्याला ती खरीच वाटावी.

आणि वर येऊन त्याने ती तोंडात घेतली, तुम्ही त्याला ओढून जवळ आणलं, ओल्या हातात धरलं, की मग काय? सोडून द्यायचं.

इथेच आपलं भांडण सुरू झालं आणि ते मिटलं नाही.

मी देवगडकडची. आमच्याकडे माणूस गरवायला जातो तेव्हा घरात वाटण तयार असतं. मासा पकडून परत पाण्यात सोडणारं माणूस मी तुमच्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यातही तुम्ही जन्मात मासा तोंडात घातलेला नाही. मी म्हटलं, "माशांशी इतकी जुनी ओळख, आणि चव माहीत नाही?" तुम्ही म्हणालात, "ओळख असली म्हणून खायलाच हवं का? तुमच्याशीही आहे की."

"मग पकडता कशाला?"

दर वेळी तुमचं उत्तर वेगळं. एकदा म्हणालात, बघायला. नदीच्या आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. मी म्हटलं, म्हणून त्याच्या तोंडाला भोक पाडायचं? आम्ही मारतो, पण खातो. विनाकारण छळत नाही. त्यावर तुम्ही मला एक गरी दाखवलीत. तिचा उलटा काटा तुम्ही चिमट्याने दाबून सपाट केला होता. "दोरी जरा ढिली पडली की याच्या तोंडातून सुटते. त्याला जायचं असेल तर जाता यावं." मी म्हटलं, "मग तो तुम्ही पकडलेला नाहीच. तो थोडा वेळ थांबलाय." तुम्ही म्हणालात, "हो. तेवढंच."

मला ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही.

एकदा आपण मोठ्या दुकानात गेलो तेव्हा बर्फावर ट्राउट मांडलेला होता. तुर्कस्तानचा, पाळलेला. तुम्ही गाडी ढकलायची सोडून त्याच्यापुढे उभ्या राहिलात. मागची फिलिपिनो बाई खोळंबली. मी म्हटलं, "घेऊ का? तिरफळ घालून करते. एकदा वास तरी घ्या." तुम्ही म्हणालात, "याने नदी पाहिलेली नाही हो." मी तो घेतला, केला, प्रसादने आणि मी खाल्ला. काटे फार होते आणि चवीला पाणचट होता. तुम्ही समोर बसून वरणभात जेवलात आणि विचारलंत, "कसा आहे?" मी म्हटलं, "यासाठी एवढ्या लांब हिमाचलात कुणी जाऊ नये."

तुम्हाला तर जायचंच होतं. एकदाच, तीर्थनला, ती काठी घेऊन. मुलांनी ऐकून घेतलं नाही. "आई, तुझं हार्ट बघ आणि ती हाइट बघ. नो वे," मृणाल म्हणाली. डॉक्टरही तेच म्हणाला. तुम्ही वाद घातला नाहीत. तुम्ही संध्याकाळी खाली हिरवळीवर जाऊन गरीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून दोरी फेकू लागलात. बिल्डिंगमधली पोरं जमायची. "आँटी, व्हॉट आर यू कॅचिंग?" तुम्ही म्हणायचात, "एअर." मला खुर्ची टाकून बसायला लागायचं, कारण तुम्ही एकट्या खाली जाल तर मृणाल चिडायची.

तेव्हा मी ते नीट पाहिलं. दोरी मागे जायची, आणि तुम्ही थांबायचात. हात वर, मान सरळ. मागे दोरी पूर्ण उलगडली की मगच पुढे. मी विचारलं, मागे डोळे नाहीत, कळतं कसं? तुम्ही म्हणालात, "मऊ काठी आहे, ती हाताला सांगते. नव्या काठ्या घाईच्या असतात. ही घाई केली की रुसते." मला फेकून बघायला लावलंत. लोकर माझ्या अंबाड्यात अडकली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग माशा बांधायला बसलात. पलंगाच्या कडेला छोटा लोखंडी शेगडा आवळून बसवला, त्याच्या जबड्यात गरी धरली. पिसं एसीखालच्या कबुतरांची. दोरा मीना बाजारातला. तुम्ही म्हणालात, इथल्या समुद्राच्या माशांना चमक लागते, पण बाजारातली जरीची तार खोटी असते, खाऱ्या पाण्यात दोन दिवसांत उतरते. मी माझ्या बॅगेच्या तळातून ती साडी काढली आणि तुमच्या मांडीवर टाकली.

लग्नात तुम्ही मला दिलेली मानाची साडी. जांभळी, जरीकाठी. कार्यालयात आमच्याकडच्या खोलीत सगळ्यांसमोर मी ती उलगडली तेव्हा तिची घडी मोडलेली होती. नेसलेली साडी. पदराला पिन लावल्याची भोकंही दिसत होती. माझ्या जावेने ती बघितली आणि तोंड फिरवलं. विहिणीला कुणी जुनी साडी देतं? मी तेव्हा काही बोलले नाही, मुलाचं लग्न होतं. पण ती कधी नेसलेही नाही. कधीतरी तुम्हालाच परत करीन म्हणून इथपर्यंत आणली होती.

तुम्ही तिच्यावरून हात फिरवलात. "नक्की कापू?"

"कापा. घडी तर आधीच मोडलेली आहे."

इतकी वर्षं ते वाक्य माझ्याकडे तयार होतं. तुम्ही ते ऐकलंत. कात्री हातात घेतलीत. मग म्हणालात, "जर खरी आहे. काळी पडली तरी खरी," आणि काठ उसवायला घेतलात. बस, तेवढंच बोललात.

सांगायचं होतंत. मी चौथी शिकलेली बाई आहे, विहिणीच्या मनातलं मला वाचता येत नाही. त्याच वेळी तोंड उघडून सांगायचं होतंत.

हिमाचलाच्या बदल्यात मुलांनी तुम्हाला खाडी दिली. उम्म अल क्वैनची, उथळ, कांदळाची झाडं असलेली. अट एकच, माई बरोबर असेल तरच. सुट्टीच्या सकाळी प्रसाद खालून हाक मारायचा, "यल्ला, चल माई, ऊन चढायच्या आत." तुम्ही पाण्यात, मी काठावर खुर्चीत मेथी निवडत. मी पाण्यात पाय घालणार नाही हे आधीच सांगितलं होतं. समुद्र मी पुष्कळ बघितला आहे. माझं काम तुमच्यावर नजर ठेवायचं. ते मी केलं. मेथीत माती राहिली असेल, पण माझी नजर हलली नाही.

तुम्ही किती मासे धरलेत आणि सोडलेत. बहुतेक इथले शेरी मासे, हातभर सुद्धा नसतील. एक मोठी तांबोशी होती, ती तुम्ही सोडलीत तेव्हा मी तुमच्याशी घरी पोचेपर्यंत बोलले नाही. तुम्ही पुढच्या सीटवर बसून प्रसादला सांगत होता, "तुझी आई सुतकात आहे."

त्या सकाळी प्रसाद चहा आणायला गेला होता. मासा लागला, काठी वाकली. तुम्ही डावा हात दोरीवरून काढून छातीवर ठेवलात आणि खाली बसलात. मासा लागल्यावर तुम्ही कधी बसत नव्हतात. मेथी खाली पडली. मी साडीचा काचा मारला नाही, चपला काढल्या नाहीत, तशीच पाण्यात शिरले. तुम्ही किडकिडीत, पण भिजलेलं माणूस जड होतं. तुम्हाला काठाकडे ओढायला गेले तर माझे पाय चिखलात रुतले. म्हणून मी नुसतं तुमचं डोकं वर धरलं आणि ओरडत राहिले.

आणि तुम्ही मला माशाचं काम सांगितलंत.

मी ते केलं नाही. माझे दोन्ही हात तुमच्यासाठी लागत होते. मासा मेला असता तरी मी तुम्हाला सोडलं नसतं, आणि तुम्ही त्यावरून माझ्याशी भांडला असतात, हे मला तेव्हाही माहीत होतं.

एक पठाण धावत आला. त्याचा पिकअप वर उभा होता. "अम्मा, छोडो, हम पकडता है." मला छोडता येईना. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. तुम्हाला उचलून वाळूवर ठेवलं आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत तो तुमची छाती दाबत राहिला, तोंडाने त्याच्या देवाचं नाव घेत. त्याचं नाव आम्ही विचारलं नाही. काठी त्यानेच पाण्यातून काढून आणली. मी दोरी हातात घेतली तेव्हा ती हलकी होती. टोकाला माशी होती. पिसं गेली होती, जर होती. मासा नव्हता.

नात्याने मला तुमचं सुतक लागत नाही. लेकीला तीन दिवस. विहिणीला काहीच नाही, कुणी विचारलंच नाही आजवर, की विहीण गेली तर विहिणीने काय करायचं. मृणालचे तीन दिवस झाले तेव्हा प्रसादने विचारलं, "माई, फिश आणू?" मी म्हटलं, नको. त्याने कारण विचारलं नाही, बरं झालं. माझ्याकडे नव्हतं. खिडकीजवळच्या पलंगावर मी झोपत नाही, तुमच्या पलंगावर झोपते. खिडकी तुमच्या पलंगावरूनच जास्त चांगली दिसते. हेही तुम्ही सांगितलं नव्हतंत.

परवा मृणालने तुमची पिशवी काढली. कुणीतरी काठी मागितली होती, जुन्या काठ्या जमवणारा होता. ती द्यायची म्हणून तिने तुम्ही बांधलेल्या माशांची बुचाची डबी उघडून बघितली, आणि एक माशी चिमटीत धरून खिडकीपाशी गेली.

"माई, ही जर कुठली?"

"तुझ्या लग्नात मला आलेल्या मानाच्या साडीची. जांभळी."

"आईचा शालू?" ती माझ्याकडे वळली. "तो तिने तुम्हाला दिला होता?"

"तुझ्या आईचा म्हणजे?"

"तिच्या लग्नातला. मी मागितला होता माझ्या लग्नात नेसायला. तिने दिला नाही. आम्ही भांडलो त्यावरून. तू नवा घे, म्हणाली, याचं मी ठरवलंय. मला वाटलं, कपाटात ठेवला असेल." तिचा आवाज चढला. "माझी आई ना... कुणाला काही सांगायचीच नाही. तुम्हाला तरी सांगितलं?"

"नाही. मला वाटलं, जुनी साडी गळ्यात मारली."

मग तिच्या तोंडून एक हुंदका आला आणि त्याच्या पाठोपाठ हसू. म्हणाली, "इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं. आणि मी अजूनही म्हणते, घडी मोडलेली साडी देताना सांगायचं असतं."

ती पलंगावर बसली. तुमच्या. माशी तिच्या तळहातावर होती. आता ती पुन्हा विचारणार हे मला दिसलं, आणि तिने विचारायच्या आधीच मी बोलले. तिला एकदा विचारून गप्प बसावं लागलं होतं, दुसऱ्यांदा तिला तसं करायला लावायचं नव्हतं.

"मृणाल, तुझी आई शेवटी बोलली. तुझं नाव घेतलं नाही. ‘आधी माशाला सोडा, विहीणबाई,’ एवढं म्हणाली."

बाहेर कुणाच्या तरी पोराला त्याची आई इंग्रजीत ओरडत होती. मी थांबले. थांबायला मला तुम्हीच शिकवलंत.

मग तिने विचारलं, "सोडलात?"

"नाही. माझे हात तिला धरून होते. पण काटा दाबलेला होता. दोरी ढिली पडली, तो गेला."

"म्हणजे गेला तो."

"गेला."

"टिपिकल," ती म्हणाली. "सो टिपिकल आई." आणि मग ती रडली, तुमच्या उशीत तोंड घालून, इतके दिवस रडली नव्हती तशी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. मला ते येत नाही. मी पायाशी बसून राहिले. काठीचे दोन तुकडे मी पिशवीत घातले, नाडी बांधली आणि पिशवी परत कपाटावर ठेवली. काठी कुणाला द्यायची नाही, हे न बोलताच ठरलं.

बऱ्याच वेळाने ती उठून बसली. नाक पुसलं.

"माई, ती घाबरली होती?"

"नाही. वैतागली होती माझ्यावर. मासा सोडत नव्हते म्हणून."

"आणि तुम्ही?"

"मी घाबरले होते."

तिने मान हलवली. मग विचारलं, "म्हणजे ती एकटी नव्हती?"

खरं तर तिला तेवढंच विचारायचं होतं, विहीणबाई. पहिल्या दिवसापासून. आणि मी तुमच्या शेवटच्या वाक्यावर अडून बसले होते.

मी तिला सांगितलं, नाही, एकटी नव्हती. पाण्यात आम्ही दोघी होतो. मी बाहेर आले.